नऊ सेकंदांचं वळण

मी बर्फावर नाच बसवते. स्केट्स घातलेल्या पोरी चार मिनिटांत काय काय करतील, कुठे उडी, कुठे गिरकी, हात कधी उचलायचा, हे सगळं माझं काम. म्हणजे होतं. आता ते काम एक तक्ता करतो. पोरींच्या प्रशिक्षक सरांनी तो प्लास्टिकमध्ये मढवून कठड्याला अडकवून ठेवलाय. कशाला किती गुण, सगळं त्यात आहे.

उडीत हात डोक्यावर नेला की परीक्षक खूश, म्हणून प्रत्येक पोरीचा हात वर. मागे हात नेऊन स्केटचं पातं धरलं आणि पाय डोक्यावर ओढला की गिरकीची पायरी वाढते, म्हणून सगळ्या पोरी पाय ओढतात. उंच दोरीवरचा कपडा खेचावा तशा! एका स्थितीत आठ फेऱ्या झाल्या तर आणखी फायदा, म्हणून गिरकी घेताना त्यांचे ओठ हलतात. मोजत असतात बिचाऱ्या. संगीत काय चाललंय, कोणाला पत्ता आहे? शेवटच्या तीन उड्यांना दहा टक्के जास्त, म्हणून उड्या शेवटी ढकलायच्या, भले पोरीचा जीव तोपर्यंत मेटाकुटीला येवो. एका दुपारी मी लागोपाठ अकरा पोरी पाहिल्या आणि मला एकही वेगळी आठवेना. डोक्यात तिडीक गेली माझ्या.

माझी भाची त्यातलीच एक. लहानपणी घरात भिंती धरून गरगर फिरायची म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणतो. आता एकवीस वर्षांची आहे, एका गुडघ्याला कायम पट्टा. या वर्षी संघात दोन जागा होत्या आणि निवडीची एकच स्पर्धा. पुढच्या वर्षापर्यंत तो गुडघा टिकेल असं डॉक्टरही सांगत नव्हते. म्हणजे हीच संधी, शेवटची.

तिचा नाच बसवायला घेतला तेव्हा तिनं एकच गोष्ट मागितली. "मावशी, मला एकदा तरी नुसतं जायचंय."

मला लगेच कळलं. सहा वर्षांची असताना तिनं पहिल्यांदा कठडा सोडला, तेव्हा मीच समोर उभी होते. "काय करू?" म्हणाली. मी म्हटलं, "काही करू नकोस. एका पायावर उभी राहा आणि पाय नेईल तिकडे जा." गेली की कार्टी! मैदान ओलांडून गेली, आणि वळून माझ्याकडे बघून अशी हसली की अजून डोळ्यांपुढे आहे.

म्हणून मी एक वळण घातलं. संगीतात सगळी वाद्यं थांबतात आणि एकटं एक वाद्य खालच्या सुरात वाजत राहतं, तिथे. एका कोपऱ्यातून निघायचं, एका पायावर, हात सैल सोडून, आणि मोठी कमान काढत समोरच्या कोपऱ्यात पोचायचं. पातं धरायचं नाही, पाय ओढायचा नाही. नऊ सेकंद.

सरांनी घड्याळ लावून पाहिलं आणि तक्त्यावर बोट ठेवलं. सरांना सगळे मागून 'टक्के' म्हणतात, ते उगाच नाही.

"नऊ सेकंदांत शून्य गुण," ते म्हणाले. "अशी एकच गोष्ट केली तर कशातच धरत नाहीत. निदान मध्ये आणखी एक काहीतरी घाला, मग त्याचा क्रम म्हणून गुण मिळतील."

"काहीतरी म्हणजे काय?"

"काहीही. गुडघ्यावर घसरू दे. पाय वर धरू दे."

"आणि उद्या तोंडात चमचा धरायचे गुण मिळाले तर तोही धरायला लावू का?"

"अहो, मी तिच्या भल्याचं बोलतोय."

तेच तर. तो माणूस वाईट नाही हो. सकाळी पाचपासून पोरींच्या मागे उभा असतो, त्यांच्या पडण्यानं त्याचंच अंग दुखतं. पण मीही हट्टाला पेटले होते. दोन महिने आमची रोज जुंपायची. शेवटी मी सांगून टाकलं, "वळण गेलं तर मीही जाते. तक्त्यालाच सांगा नाच बसवायला." त्यांनी हात टेकले. वळण राहिलं, आणि मी महिनाभर मोठ्या तोऱ्यात फिरले. मी लढले, मी वाचवलं, ज्याला त्याला ऐकवत होते.

स्पर्धेचा दिवस आला. सर आणि मी कठड्याशी, ताई वर प्रेक्षकांत. ताई म्हणजे भिंगरीची आई. पंधरा वर्षं अंधारात उठून पोरीला इथे पोचवणारी ती, मी नाही.

भिंगरी दुसऱ्याच उडीत पडली. साधीसुधी नाही, कमरेवर आपटून पार कडेपर्यंत घसरत गेली. उठली, पण नाच संगीताच्या पाच सेकंद मागे पडला. आमचं संगीत आधीच वेळेच्या मर्यादेला टेकलेलं, त्याच्या पुढे गेलं की दंड. पुढच्या गोष्टी तिनं चोख केल्या, पण ते पाच सेकंद काही भरून निघेनात. सर पुटपुटत हिशेब करत होते. एकदम माझ्याकडे वळले. "वळण चार सेकंदांत आटपलं तर शेवटची उडी बसते. ती बसली तर पोरगी संघात. नाही बसली तर नाही."

वळण आमच्याच बाजूच्या कोपऱ्यातून सुरू व्हायचं. ती आली, पाठ वळवून पायावर तोल घेतला. माझ्यापासून चार हातांवर होती. आणि मी, दोन महिने भांडलेली, तक्त्याला नावं ठेवणारी मी, कठड्यावर अर्धी वाकून बेंबीच्या देठापासून ओरडले, "काप! भिंगरे, वळण काप!"

सरसुद्धा दचकले.

तिनं कापलं नाही. हात सैल सोडले आणि गेली. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये त्या खालच्या सुरावर पात्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता. समोरच्या कोपऱ्यात पोचली तेव्हा उडीला वेळच उरला नव्हता. ती सोडून थेट शेवटच्या गिरकीत शिरली आणि शेवटच्या सुराबरोबर थांबली. गिरकीत तिचे ओठ हलत नव्हते. ते मी पाहिलं.

एक पूर्णांक दोन दशांश गुणांनी संघ हुकला. त्या उडीचे साडेतीन होते.

ताईनं लेकीला घट्ट धरलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मला तिच्या नजरेला नजर देववेना. घरी गेल्यावरही माझ्या कानात माझंच ओरडणं घुमत होतं. हरल्याचं दुःख होतंच, पण लाज त्याहून जास्त वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिंकवर गेले, ती सामान आवरत होती. गुणांचा कागद बाकावर पडला होता. उड्या, गिरक्या, प्रत्येकीची एक ओळ आणि पुढे आकडा. वळणाची ओळच नाही.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "तुला वाटलं असेल, मावशी पण तसलीच निघाली."

"वाटलं ना," ती बुटांच्या नाड्या सोडवत म्हणाली. "जाम राग आला तुझा."

"ऐकू आलं होतं म्हणजे?"

"अगं, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आलं! आई म्हणाली."

मग तिनं कागद ओढला, पेन काढलं आणि सगळ्या ओळींच्या खाली लिहिलं, 'वळण'. पुढे आकडा घातला, अकरा.

"अकरा गुण?" मी विचारलं.

"डोंबलाचे गुण. सेकंद." तिनं वर पाहिलं. सहा वर्षांची असताना हसली होती, तशीच हसली. "नऊ तू बसवलेले. तू ओरडलीस, म्हणून वर दोन."