बाईसाहेबांचा लांबलेला उन्हाळा

शेवटी बाईसाहेबांना केस आले. दाट, मऊ, हनुवटीखाली थोडी दाढीसुद्धा. बाबा मात्र होते तसेच टकले राहिले.

हे तुम्हाला इतक्यात कळायला नको होतं. तेव्हा कळलंच नाही असं समजू या. हिवाळा तोंडावर आलाय, बाईसाहेबांच्या अंगावर अजून उन्हाळ्यातले बारीक, चकचकीत केस आहेत, आणि असं का, हे घरात कुणालाच माहीत नाही.

बाईसाहेब म्हणजे आमची घोडी. आम्ही जळाऊ लाकूड विकतो. बाबा लाकूड फोडतात, मी ते गाडीत रचते, बाईसाहेब गाडी टेकडीवरच्या घरांपर्यंत ओढतात आणि आई गिऱ्हाइकांशी भांडते. सगळ्यांत अवघड काम आईचं. गिऱ्हाइकांना लाकूड हलकं हवं असतं, कोरडं हवं असतं, आणि वर ते कधी संपायलाही नको असतं.

पूर्वी गाडीला जोडी होती. जोडीतला दुसरा घोडा म्हणजे भाऊसाहेब. ते या वसंतात वारले. ‘वारले’च म्हणायचं, ‘मेला’ म्हटलेलं बाबांना चालत नाही. वय झालं होतं. एका दुपारी उबदार उन्हात आडवे झाले ते उठलेच नाहीत. इतकं शहाण्यासारखं मरण आमच्या घराण्यात अजून कुणाला जमलेलं नाही.

त्या दिवसापासून बाईसाहेबांनी चंदी टाकली. चंदी म्हणजे घोड्याचं संध्याकाळचं धान्य. गव्हाणीत ओतलं की त्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघायच्या आणि मान फिरवायच्या. गाजरं घालून पाहिली, गोंजारून पाहिलं, आईने तर चक्क रागावून पाहिलं. काही नाही. बरगड्या दिसायला लागल्या. मग एका संध्याकाळी बाबा स्टूल घेऊन भाऊसाहेबांच्या जागेवर जाऊन बसले. नुसतंच काय बसायचं, म्हणून त्यांनी तबेल्यातल्या बल्बखाली वर्तमानपत्र उघडलं आणि मोठ्याने वाचायला घेतलं. पहिल्या पानाला बाईसाहेबांनी कान टवकारले. दुसऱ्या पानाला गव्हाणीत तोंड घातलं. खेळाच्या पानापर्यंत गव्हाण स्वच्छ.

झालं. तेव्हापासून बाबांच्या संध्याकाळी तबेल्यात जमा झाल्या. चंदी केव्हाच संपलेली असायची, तरी यांचं वाचन चालूच. भाव, हवामान, हरवले-सापडले, अगदी केसांच्या तेलाच्या जाहिरातीसुद्धा, आणि त्या तर जरा जास्तच मन लावून. आई घरातून हाका मारून दमायची.

“त्या घोडीला सगळ्या जगाची खबर आहे,” ती मला म्हणायची, “आणि मला माझा नवरा जेवायला येणार की नाही, एवढंही कळत नाही.”

असा उन्हाळा गेला, पानं गळली. सकाळी बादलीतल्या पाण्यावर बर्फाची पापडी धरायला लागली. आणि एक दिवस आत्या आली.

आत्या ही बाबांची धाकटी बहीण. गल्लीच्या टोकाला राहते. तिचे दोन घोडे आहेत, थोरला आणि धाकटा. ते दुकानांचा माल वाहतात. धाकटा थोरल्यापेक्षा बराच मोठा आहे, पण त्याबद्दल तिला विचारायचं नसतं. आत्या आमच्याकडे येते ती कधी सहज म्हणून येत नाही. आपल्या भावाचं काय चुकतंय ते बघायला येते, आणि आजवर रिकाम्या हाती परत गेलेली नाही.

“दादा, घोडीला इस्त्री केलीस की काय?” तिने तबेल्याच्या दारातूनच विचारलं.

“तब्येत आहे ती,” बाबा म्हणाले. “चमक बघ अंगावरची.”

“चमक काय चाटायचीय? माझे दोघं बघ जा, अस्वलं झालीत नुसती. हिचा अजून उन्हाळाच चालू आहे.”

बाबांनी चमक दाखवायचं सोडलं. कारण तीच गोष्ट त्यांना आठ-दहा दिवस खात होती. गेल्या थंडीत बाईसाहेबांना खोकला झाला होता. तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांनी त्यांच्या छातीला नळी लावून सांगितलं होतं, पुढच्या हिवाळ्यात हिला गारठा लागू देऊ नका, पुन्हा असं झालं तर ही निभावायची नाही. आणि आमचं काम असं, की टेकडी चढताना घोडी घामाघूम होते आणि उतरताना वारा थेट अंगावर येतो.

आत्याने बाईसाहेबांच्या पाठीवरून उलटा हात फिरवला. मग वर बल्बकडे पाहिलं.

“हा कधीपर्यंत चालू असतो?”

“जेवायला जातो तोवर.”

“वहिनी, तुमच्याकडे जेवतात कधी?”

“आमच्याकडे जेवण आणि झोप यांत आता फारसं अंतर राहिलेलं नाही, वन्सं,” आई म्हणाली.

“तरीच!” आत्याने कपाळावर हात मारला. “अरे, घोड्याच्या घरी काय कॅलेंडर टांगलेलं असतं? दिवस लहान झाले की त्याच्या अंगाला कळतं, थंडी आली, केस वाढवा. तू इथे झोपेपर्यंत दिवा लावून बसतोस. तिला वाटतंय, दिवस अजून मोठेच आहेत. ती बिचारी हिवाळ्याची वाट बघतेय!”

“बल्बचा आणि केसांचा काय संबंध?” बाबांनी टकलावरून हात फिरवला. “म्हणजे मी अंधारात बसलो तर मलाही येतील?”

“तुझा हंगाम गेला, दादा. हिचं बघ.”

बाबा हसले नाहीत. ते बाईसाहेबांकडे बघत राहिले. ज्या घोडीला जगवायला बसलो तिलाच आपण फसवलं, हे त्यांच्या तोंडावर सरळ वाचता येत होतं. बातम्या वाचून माणसं फसतात हे मला ठाऊक होतं; घोडी फसल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

केस काही एका दिवसात उगवत नाहीत. तोवर अंगावर काहीतरी हवं. भाऊसाहेबांची झूल भाऊसाहेबांबरोबरच पुरली होती. बाईसाहेबांची स्वतःची झूल उंदरांनी आधीच वापरात घेतली होती. आईने जुन्या पडद्याची एक शिवली. ती बाईसाहेबांनी खाल्ली. शेवटी आत्याने आपला जुना ओव्हरकोट आणून दिला. आत्या अंगाने भरदार आहे, त्यामुळे माप बरं जमलं. मागे शिवण उसवून थोडं कापड जोडलं, छातीवर बटणं लावली, आणि तो कोट बाईसाहेबांनी अजिबात कुरकूर न करता स्वीकारला. टेकडीवरच्या एका गिऱ्हाइकाने, ज्याची नजर जरा अधू आहे, त्यांना दोन दिवस “काय आत्याबाई, आज चालत?” असं विचारलं. त्याला आम्ही अजून सांगितलेलं नाही. आत्यालाही नाही.

पण कोट दमट झाला की काढावाच लागतो, आणि कोट म्हणजे काही केस नव्हेत. सूर्य मावळला की दिवा बंद, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

पहिल्या संध्याकाळी बाबांनी चंदी घातली, दिव्याचं बटण दाबलं आणि आम्ही सगळे घरात आलो. बाईसाहेब खिंकाळल्या. पुन्हा खिंकाळल्या. मग गप्प झाल्या. सकाळी बघतो तर चंदी जशीच्या तशी.

“मी बसते आज,” मी म्हटलं. बसले. बाईसाहेबांनी अंधारात माझं तोंड हुंगलं, खांदा हुंगला, एक सुस्कारा सोडला आणि घराकडे कान लावून उभ्या राहिल्या. मला नाकारण्यात आलं होतं.

म्हणजे दिवाही नको आणि बाबाही हवेत. घोडं पेंड खात होतं ते इथे.

तिसऱ्या दिवशी बाबा निघाले. आई कांदा चिरत होती. तो चिरून व्हायच्या आत ते परत.

“चष्मा राहिला,” म्हणाले.

“अंधारात?” मी विचारलं.

त्यांनी चष्मा घेतला आणि गेले. लगेच पुन्हा हजर. “पेपर राहिला.”

“बाबा, अंधारात पेपर?”

“तिला कागदाच्या आवाजाची सवय आहे,” ते म्हणाले आणि पाणी प्यायले. मग थोडं आणखी पाणी प्यायले. मग म्हणाले, “मला वाटतं, तिला अंधाराची भीती वाटत असणार. एखादी मेणबत्ती चालेल का? छोटीशी?”

“घोड्यांना अंधारात आपल्यापेक्षा चांगलं दिसतं,” मी म्हटलं. “तिला कसली भीती? दिवसाढवळ्या ती वाळलं पान उडालं तरी घाबरते, पण रात्री—”

“तू गप्प बस गं,” आई म्हणाली. जोरात नाही. सुरी ठेवता ठेवता म्हणाली.

बाबा पेपर घेऊन अंगणात जाऊन उभे राहिले, तबेल्याच्या आणि घराच्या बरोबर मधे. हा माणूस ओंडका एकट्याने खांद्यावर घेतो. भाऊसाहेबांसाठी दगडासारख्या कडक जमिनीत खड्डा त्यांनी एकट्याने खणला होता. तो माणूस आता घराच्या दाराकडे बघत होता, हळूच, कुणाला कळणार नाही असा.

“जिन्यावरचा दिवा,” आई म्हणाली.

आमच्या जिन्यावर एक छोटा दिवा रात्रभर चालू असतो. मी जन्मायच्या आधीपासून. तो माझ्यासाठी आहे, मी भित्री आहे, असं मला लहानपणापासून सांगण्यात आलंय. त्यावरून आत्याने मला शाळा संपेपर्यंत चिडवलंय. भित्री भागूबाई हे नाव मला त्या दिव्यामुळे पडलं.

“काय झालं त्याचं?” मी विचारलं.

“तो तुझ्यासाठी नाहीये,” आई म्हणाली.

इतकी वर्षं मी दुसऱ्याची भीती स्वतःच्या नावावर वागवत होते. मला राग यायला हवा होता. पण मी खिडकीतून अंगणातल्या त्या टकलाकडे बघितलं आणि राग काही येईना.

आईने न सोललेल्या मटारची टोपली उचलली, एक स्टूल काखेत मारलं आणि बाहेर पडली.

“कुठे निघालीस?” बाबांनी विचारलं.

“तबेल्यात. घरात करमत नाही.”

“मटार कसे सोलशील अंधारात?”

“मटार बोटांनी सोलतात. चला, माझ्या पुढे चाला, मला दिसत नाही.”

तिला दिसत होतं. पण बाबा तिच्या पुढे चालले. तिला वाट दाखवायची म्हटल्यावर त्यांना चालावंच लागलं.

थोड्या वेळाने मी कोट टांगायचं निमित्त काढून तबेल्याबाहेर जाऊन थांबले. आत काळोख. गवताचा आणि घोडीच्या अंगाचा ऊबदार वास. शेंगा फुटल्याचा बारीक आवाज. आणि कागद उलटल्याचा.

“...ग्रहांच्या परिषदेत,” बाबा वाचत होते, “चंद्राने जागा बदलून मागितली आहे. सध्याच्या जागी फार थंडी वाजते, असं त्याचं म्हणणं आहे.”

“हे कुठे छापलंय?” आई.

“तिसऱ्या पानावर. खाली. दिसत नाही का तुला?”

“पुढे?”

“पुढे स्थानिक बातम्या. आमच्या वार्ताहराकडून.” कागद उलटला. मग पुन्हा उलटला. “येथील एका लाकूडवाल्या गृहस्थाला अंधाराची भीती वाटते, असं समजतं.”

शेंगा फुटायच्या थांबल्या.

“त्यांच्या पत्नीने ही बातमी लग्नापासून दाबून ठेवली होती,” बाबा म्हणाले. “मुलीच्या नावावर दिवा लावून.”

“पत्नीचं काय म्हणणं?”

“पत्नीने बोलायला नकार दिला.”

“बरोबर केलं,” आई म्हणाली. “इकडे सरका जरा. टोपली पडेल.”

स्टूल सरकल्याचा आवाज आला. आणि त्याच्या मागून आणखी एक, सावकाश, दाणेदार, नाकातून फुरफुरत येणारा. बाईसाहेब चंदी खात होत्या.

मी कोट टांगला नाही. तसाच घेऊन परत आले.

त्या दिवसापासून रोज सूर्य मावळला की दोघं जातात. आमच्या जेवणात आता मटारपेक्षा सालं जास्त असतात. मी ती निमूट बाजूला काढते. बाबा रोज नवा पेपर वाचतात, छापलेला एकही नाही. ते आत असतात तोवर मी जिन्यावरचा दिवा मालवते, मला तो लागत नाहीच. ते परत यायच्या आधी लावते. आणि बाईसाहेबांच्या अंगावर आधी पोटाखाली लव आली, मग पाठीवर, मग हनुवटीखाली ती दाढी. जी आलीच नाही असं आपलं मघाशी ठरलं होतं.

काल आत्या आपला कोट परत न्यायला आली. तिने बाईसाहेबांच्या पाठीत बोटं खुपसली, ती बोटं केसांत बुडाली, आणि तिला बोलायला काही चूक सापडेना. मग तिने बाबांच्या डोक्याकडे पाहिलं.

“तुला काही नाही ना आलं?”

“मी अजून आशा सोडलेली नाही,” बाबा म्हणाले.

“आता एवढी थंडी काढा. मग दिवस मोठे होतील, तिचे केस गळतील, मग लाव खुशाल तुझा दिवा आणि वाच तुझा पेपर.”

बाबांनी घडी घातलेल्या पेपरची पुन्हा घडी घातली. आई टोपलीत हात घालून उगाच शेंगा चाचपत राहिली.

“दिव्याची एवढी काय घाई आहे, वन्सं?” ती म्हणाली. “वीज काय फुकट येते?”

सबब, दिवस लहानमोठे करण्याचं काम ज्या कुणाच्या अखत्यारीत येत असेल, त्यांना या अर्जाद्वारे नम्र विनंती करण्यात येते की, यंदा दिवस मोठे करण्याची नेहमीची कार्यवाही पुढील सूचना मिळेपर्यंत स्थगित ठेवावी. सर्वत्र शक्य नसल्यास निदान आमच्या तबेल्यापुरती ठेवावी. दिवा आम्ही आमच्या खर्चाने बंद ठेवू.