ज्येष्ठेच्या मापाचा झगा

हैदराबादच्या चिक्कडपल्लीतल्या हिम्मतरावांच्या घरच्या महालक्ष्म्या बघायला बायका थेट तारनाक्याहून बस बदलून येत. निऱ्या अशा पडलेल्या असत की वाटावं, आता या दोघी उठून चालू लागतील. हिम्मतरावांचं गौलीगुड्यात पंपसेटचं दुकान होतं आणि आवाजही धंद्याला शोभेल असाच होता. "आमच्या तारामतीचा हात आहे हा!" असं ते दारातच प्रत्येकीला ऐकवत, आणि तारामतीबाई पदर तोंडाला लावून हसत. लोकांना तो विनय वाटे. खरं म्हणजे बाईंना एक निरी धड घालता येत नव्हती. ज्येष्ठा आणि कनिष्ठा या दोन्ही बहिणींना नेसवायचा तो त्यांचा मुलगा शिवराज, आतल्या खोलीला कडी लावून.

शिवराज इंटरच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला होता. लहानपणी आईला टाचण्या द्यायला बसला आणि हळूहळू टाचण्या आईच्या हातात गेल्या, साडी याच्या. पुढे तो आईच्या मशीनवरही बसू लागला. पण हे घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. क्रिकेटच्या टोळीला कळलं असतं तर त्यांनी त्याला गल्लीत फिरू दिलं नसतं. अण्णांचं, म्हणजे हिम्मतरावांचं, तर विचारूच नका. पोराला ते पहाटे तालमीत पाठवत. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून मायलेक गप्प होते.

त्या भाद्रपदात मात्र कडी लावायची राहिली.

दारात उभी होती अपर्णा, वरच्या मजल्यावरच्या नव्या भाडेकरूंची मुलगी. तिचे वडील सुधीर पुण्याहून इथल्या कॉम्प्युटर कंपनीत आले होते. जूनपासून शिवराज तिच्याशी जे काही बोलला होता ते एवढंच, की "वर पाणी चढलं का?" आणि आता ती त्याच्याकडे बघत होती, नि त्याच्या तोंडात टाचण्या होत्या.

"हे तू करतोस?"

त्यानं हो आणि नाही यांच्या मधोमध मान हलवली. मग टाचण्या काढून म्हणाला, "कोणाला सांगू नको. पोट्टे परेशान करून टाकतील मला. अन् अण्णांना कळलं तर संपलंच."

"शपथ, नाही सांगणार," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, लोभ होता. "पण मला एक ड्रेस शिवून देशील?"

केबलवर संध्याकाळी एक जपानी कार्टून लागायचं. त्यातली मुलगी लांब झगा घालायची, उंच कॉलरचा, आणि समुद्रावर वादळ आलं की उजवा हात वर करून ते थांबवायची. पुण्याच्या मैत्रिणी सुटल्या, इथली भाषा येईना, कॉलेजात कुणी शेजारी बसेना, अशा दिवसांत अपर्णा त्या मुलीच्या आधारावर जगत होती. मराठी मंडळाच्या दिवाळी संमेलनात वेषभूषा स्पर्धा असे. दरवर्षी निम्म्या मुली झाशीची राणी होत. अपर्णाला ती वादळवाली व्हायचं होतं.

"माप घे ना," तिनं दुसऱ्या दिवशी निळं सॅटिन आणून हात पसरले.

शिवराजच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "गरज नाही," तो म्हणाला. "मला नुसतं बघून कळतं."

आता हा निव्वळ खोटेपणा होता. त्याला कळत होती ती देवीची मापं. पण पोरीच्या खांद्याला टेप लावायची त्याची छाती झाली नाही. अपर्णाची उंची ज्येष्ठेएवढीच दिसते, असं त्यानं मनाशी ठरवलं आणि विसर्जन होऊन माळ्यावर गेलेलं ज्येष्ठेचं पत्र्याचं धड गुपचूप खाली काढलं.

चार दिवसांनी तारामतीबाई खोलीत आल्या आणि किंचाळल्याच. "शिवा! ज्येष्ठेला काय घातलंस रे हे? हा कोणत्या देशाचा अवतार?"

"मुखवटा नाही ना लावला, आई. नुस्तं धड आहे."

बाईंनी विचार केला. देवी परत गेलेली, उरला तो पत्रा, इथपर्यंत त्यांना पटलं. तरी चिमूटभर हळदकुंकू त्यांनी धडाला लावलंच आणि बाहेर जाऊन अपर्णासाठी चिवडा आणला. कारण अपर्णा आता रोज येत होती. उंबऱ्यात बसून अभ्यास करायची, मधेच वादळवालीची गोष्ट सांगायची, आणि तिला हसवण्यासाठी शिवराज मुद्दाम ठेवणीतलं हैदराबादी बोलायचा.

झगा खरं तर पंधरा दिवसांत झाला असता. पण झगा झाला की ही यायची बंद, हे त्या पोराच्या ध्यानात आलं. मग काय! रोज रात्री तो कॉलर उसवायचा आणि सकाळी "अजून जरा नीट बसत नाही" म्हणून पुन्हा लावायचा. प्रेमात पडला होता तो, सरळ सांगायचं तर. सांगायचं कसं हे कळत नसलं की माणूस असली कामं करतो. त्या नादात संमेलनाचा दिवस उजाडला तरी झगा अपर्णाच्या अंगाला लागलेला नव्हता.

हॉलच्या मागच्या खोलीत तिनं तो पहिल्यांदा घातला, तोही नाव पुकारायच्या बेतात असताना. आरशात बघून तिनं एक गिरकी घेतली, इतका तो सुरेख होता. "काखेत थोडा आवळतोय," ती म्हणाली. तेवढ्यात निवेदन करणाऱ्या कुसुमताईंनी तिचं नाव घेतलं.

शिवराज धावत सभागृहात येऊन मागच्या रांगेत क्रिकेटच्या टोळीत बसला. पहिल्या रांगेत हिम्मतराव होते, मंडळाचे खजिनदार म्हणून, आणि शेजारी तारामतीबाई. स्टेजवर निळा झगा आला आणि लोक खरोखरच शांत झाले. अपर्णा मधोमध उभी राहिली, दोन वाक्यं बोलली आणि वादळ थांबवायला तिनं उजवा हात वर केला.

चर्रर्र!

शिवण काखेपासून कमरेपर्यंत गेली. आतला पिवळा टी-शर्ट सगळ्या हॉलनं पाहिला. आधी पोरं हसली, मग त्यांच्या आया.

काय चुकलं ते शिवराजला त्याच क्षणी कळलं. ज्येष्ठेचे हात कोपरात वाकवून पक्के बसवलेले असतात. तीन दिवस ती कुणाकडे हात वर करत नाही, वाकत नाही, वळत नाही. त्यानं जिवंत मुलीला पत्र्याच्या मापाचा झगा शिवला होता.

"अगं बाई! कुठल्या टेलरनं शिवला गं हा?" कुसुमताईंनी माईकवर विचारलं. त्यांना प्रसंग हलका करायचा होता, पण हॉल अजूनच हसला.

अपर्णानं एका हातानं काख आवळून धरली होती. तिनं मागच्या रांगेकडे बघायचं टाळलं. "मीच शिवलाय," ती म्हणाली. "मला नीट येत नाही."

"मंग कायको स्टेजवर यायचं!" शिवराजच्या शेजारून टोळीतला दिलीप ओरडला आणि टाळ्या पिटू लागला.

शिवराजनं तिचे डोळे भरलेले पाहिले. ती त्याला दिलेली शपथ पाळत होती आणि हॉलभर लोक तिच्यावर हसत होते. पुढच्या रांगेत अण्णांची रुंद पाठ दिसत होती. शिवराजला भीती वाटली, खूप वाटली, आणि ती तशीच घेऊन तो उठला. पायऱ्या चढून माईकजवळ गेला.

"तिनं नाही, मी शिवला," तो म्हणाला. आवाज फाटला, तरी थांबला नाही. "शिलाईत चूक नाही. मी माप घेतलं नव्हतं. घ्यायला पाहिजे होतं."

मागची रांग आ वासून बसली. शिवराज अपर्णाकडे वळला. "हात वर कर."

"परत फाटेल."

"फाटू दे. मीच फाडणार आहे."

त्यानं दुसऱ्या काखेचीही शिवण उसवली आणि खिशातला रुमाल काढून मधोमध फाडला. काखेत जादा कापडाची एक चौकोनी कळी हवी होती, म्हणजे हात मोकळा फिरला असता. सुईदोरा नव्हता. पण मराठी बायकांच्या सभेत सेफ्टी पिनांना काय तोटा! कुसुमताईंनी बांगडीतल्या पिना काढल्या, ते बघून पहिल्या रांगेतल्या बायकांनी मंगळसूत्रातल्या. शिवराजनं पिना दातांत धरल्या आणि कामाला लागला. त्याचे हात थरथरत नव्हते. कापड हातात आलं की ते कधीच थरथरत नसत.

"असं पिनांचं काम आपण कुठं बघितलंय ठाऊक आहे का," एक बाई शेजारणीला म्हणाली, "तारामतीबाईंच्या लक्ष्म्या..." आणि तिथंच थांबून तिनं तारामतीबाईंकडे पाहिलं.

तारामतीबाई उभ्या राहिल्या. आज पदर तोंडाशी गेला नाही. "हौ," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "माझ्या लक्ष्म्या हाच नेसवतो. मला कुठं येतंय!"

हिम्मतराव बायकोकडे बघत राहिले, मग स्टेजकडे. हॉल त्यांच्या आवाजाची वाट बघत होता. ते खुर्चीतून उठले.

"इतकी वर्षं मी तारीफ चुकीच्या माणसाची केली की!" ते गरजले. "अरे, मला सांगायचं तर एखाद्यानं! दुकानावर बोर्ड लावला असता मी!"

लोक पुन्हा हसले, पण हे हसू वेगळं होतं. शिवराज बाजूला झाला. अपर्णानं उजवा हात वर केला, अगदी कानाला टेकेपर्यंत, मग डावाही केला, जो कार्टूनमध्ये नव्हता. झगा फाटला नाही.

बक्षीस पुठ्ठ्याचा कॉम्प्युटर होऊन आलेल्या एका चिमुरड्याला मिळालं. दिलीपनं घरी जाताना शिवराजला "टेलर मास्टर" म्हणून हाक मारली. शिवराजनं ओ दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अपर्णा खाली आली. ओसरीवर हिम्मतराव पेपर वाचत होते, आत कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, आणि आतल्या खोलीचं दार सताड उघडं होतं.

"नवीन शिवायचाय," तिनं सांगितलं आणि हात पुढे केला. "आता माप घे."

शिवराजनं टेप घेतली. खांद्यापासून मनगटापर्यंत मोजलं. मग पुन्हा मोजलं. थोड्या वेळानं टेप परत खांद्याला लागली.

"अरे, आकडा विसरतोयस का सारखा?"

"नाही," शिवराज म्हणाला. त्यानं मान वर करून पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहिलं. "आकडा पहिल्या खेपेलाच कळला होता."

अपर्णानं हात मागे घेतला नाही.