माजघरातून बैठकीत

मी वायर बोलतेय. वायरीने बोलू नये, नुसतं पोचवावं, हे मला ठाऊक आहे. पण जन्मभर दुसऱ्यांचंच पोचवलं; आता थोडं स्वतःचं.

२००२ साली बीडच्या एसटी स्टँडामागे, एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात मला तयार केलं. लांबी चाळीस फूट, टोकांना रंगीत पिना. कॉम्प्युटरवरचं चित्र टीव्हीवर न्यायचं, एवढंच माझं काम.

एवढी लांब कशाला? गेवराईचे कापड दुकानदार मन्मथप्पा यांच्या घरी टीव्ही बैठकीत होता, कारण तो लोकांना दिसायला हवा. कॉम्प्युटर माजघरात होता, कारण त्याला रस्त्याची धूळ लागायला नको. दोन्ही वस्तू शेजारी ठेवायचं कुणालाच सुचलं नाही. माणसांच्या अशा न सुचण्यावरच आम्हा वस्तूंचं पोट चालतं.

कॉम्प्युटर चालवता येई तो फक्त त्यांच्या धाकट्या मुलीला, कावेरीला. ती नुकतीच बी.एस्सी. झाली होती. थोरल्या रुद्राणीच्या लग्नाची सीडी ती आतून लावायची आणि बैठकीतले पाहुणे चहाबरोबर बघायचे. त्या एका लग्नाच्या पंगती मी शंभरदा तरी उठवल्या असतील.

एका रविवारी मांजरसुंब्याचे विश्वेश्वरप्पा आपल्या मुलासाठी कावेरीला बघायला आले. सोबत थोरली बहीण गंगासागरबाई. पोहे झाले. कावेरी सगळ्यांच्या पाया पडून आत गेली. आता अप्पांनी, म्हणजे मन्मथप्पांनी, चारचौघांत तिला हाक मारून "पसंत हाय ना?" विचारायचं आणि तिने दारातून मान हलवायची, एवढा रिवाज उरला होता. ‘नाही’ म्हणायला मान कशी हलवतात, हे या घरात मुलींना शिकवत नसत.

त्याआधी सीडी झालीच. ती संपली आणि पडदा काळा झाला.

"अप्पा, टीव्ही बंद करा," कावेरी आतून म्हणाली.

"झाला की बंद!" काळं म्हणजे बंद, अशी अप्पांची पक्की समजूत.

कावेरीने निर्धास्तपणे एक पत्र उघडलं. चार दिवस लिहीत होती. हाक यायच्या आत छापून आईकरवी अप्पांना द्यायचं होतं. अक्षरं मोठी ठेवली होती, अप्पांना बारीक दिसत नाही म्हणून. मी काय करणार? आलेलं पुढे धाडलं.

"आरं, ही अक्षरं कशाची?" विश्वेश्वरप्पा म्हणाले. "अक्का, वाच बरं. माझा चष्मा गाडीत राह्यला."

गंगासागरबाई बोट हलवत मोठ्याने वाचू लागल्या: "अप्पा, मला औरंगाबादला एम.सी.ए.ला प्रवेश मिळतोय. तीन वर्षं शिकू द्या. मग लग्नाला नाही म्हणणार नाही. पण पाहुण्यांसमोर विचारू नका. तिथं मी मान हलवीन आणि तुम्हाला वाटेल, मी खूश आहे."

आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. तिला ऐकू गेलं होतं.

अप्पा घाईघाईने म्हणाले, "पोर येडी हाय हो, मनावर घेऊ नका. कावेरी, भाईर ये!"

ती दारात आली. अप्पांनी तोंड उघडलं.

"थांबा," विश्वेश्वरप्पा म्हणाले. "इचारू नका. ती मान हलवील. वाचून सवरून आमी कावून आंधळ्याचं सोंग घ्यायचं?"

"आन् तीन वर्सं मागितलीत," गंगासागरबाई पदर सावरत उठल्या. "तुमचं दुकान न्हाई मागितलं."

पाहुणे गेले. अप्पा बराच वेळ टीव्हीसमोर बसले. पत्र तसंच पडद्यावर होतं. बहुधा त्यांनीही ते वाचलं, स्वतःचं स्वतः. मग आयुष्यात पहिल्यांदा माजघरात येऊन कॉम्प्युटरपाशी बसले.

"फारम भरायची शेवटची तारीख कदी हाय?" त्यांनी विचारलं.

कावेरी औरंगाबादला गेली आणि माझं काम संपलं. सध्या मी कोठीतल्या खिळ्यावर आहे. माझं रबर उंदरांना आवडतं. हल्ली म्हणे चित्र वायरीशिवाय, हवेतूनच टीव्हीवर जातं. जाऊ द्या, माझी तक्रार नाही. विनंती एकच: बैठकीत लग्नं ठरवण्याआधी एकदा माजघरात जाऊन विचारत जा. प्रत्येक घरात चाळीस फुटांची वायर नसते.