ओवलेल्या सुया आणि पेलागियस

निकाल आधीच सांगून टाकू, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको: पेलागियस जिंकला. सोळाशे वर्षांपूर्वी हा साधू हरला होता, चर्चने त्याला चुकीचा ठरवून बाहेर काढलं होतं. शनिवारी दुपारी, वाचनालयाच्या वरच्या खोलीत, जिंकला.

आता मागून पुढे.

निवृत्त मास्तर दर शनिवारी मोठ्या माणसांना चर्चचा इतिहास शिकवतात आणि वर्षातून एकदा वाद लावतात. जी चिठ्ठी निघेल ती बाजू घ्यायची, कुरकुर चालत नाही. यंदा शिंपीणबाईंना पेलागियस आला. त्याचं म्हणणं: चांगलं वागणं माणसाच्या हातात आहे, देवाने इच्छाशक्ती दिलीय, ती वापरा, रडत बसू नका. समोर बिशप ऑगस्टीन. त्याचं म्हणणं: देवाच्या कृपेशिवाय माणसाला एक पाऊल टाकता येत नाही, आणि ही कृपा आपण मागण्याच्या आधीच येऊन काम सुरू करून ठेवते.

ऑगस्टीनची चिठ्ठी शिंपीणबाईंच्या सुनेला निघाली.

वर्गातल्या नळवाल्याने शेजारी बसलेल्या नर्सला कोपर मारलं. "हे तर घरचंच भांडण. तिकीट लावायला हवं होतं."

[मध्येच एक गोष्ट. ती त्या खोलीत फक्त सुनेला ठाऊक होती. निदान तिला तसं वाटत होतं.

शिंपीणबाईंना जवळचं दिसेनासं झालंय. मशीन हाताच्या सवयीने चालतं, तुरपाईही बोटांना पाठ आहे, पण सुईच्या नाकात दोरा काही जात नाही. मुलगा टपूनच बसलाय: "आई, पुरे झालं आता, दुकान बंद कर, आराम कर." त्याला हे कळलं की दुकानाला कुलूप. सून औषधांच्या दुकानात कामाला आहे. जाता जाता सासूबाईंचं जड शटर वर करून देते. हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. आत जाऊन सुया टोचून ठेवायच्या उशीतल्या सगळ्या सुया ओवून ठेवते, हे कुणालाच माहीत नाही. सासूबाईंनी कधी अवाक्षर काढलं नाही. काल येणाऱ्या-जाणाऱ्या कुणी ओवल्या असं त्या समजत असतील, असं सुनेने धरून चाललं होतं.]

वाद.

पेलागियस: "या बिशपने पोरवयात शेजाऱ्याच्या झाडावरच्या नासपती चोरल्या. भूक नव्हती, तरी चोरल्या. आणि मग जन्मभर काय, तर माणूसच मुळात बिघडलेला! अरे बाबा, तू बिघडलास. सगळ्यांना कशाला ओढतोस?"

ऑगस्टीन: "आणि तुमच्याबद्दल तुमच्याच काळातला संत जेरोम काय म्हणाला होता? लापशी चापून जडावलाय म्हणे."

पेलागियस: "चापली असेल. स्वतः शिजवून चापली."

हशा इतका की मास्तरांनी टेबलावर डस्टर आपटलं. "बिशपसाहेब, मुद्द्यावर या. मागण्याआधी येणारी कृपा. रोजच्या जगण्यातलं एक उदाहरण द्या."

इथे सून अडकली. उदाहरण तिच्या ओठांवर होतं. याहून चांगलं उदाहरण कुणाला मिळालं नसतं. पण ते बोललं की वाद जिंकायचा आणि दुकान घालवायचं. तिने पाण्याचा घोट घेतला. अजून एक घेतला.

"म्हणजे... समजा... आपण उठायच्या आधीच ऊन आलेलं असतं."

"येईना का," पेलागियस म्हणाला. "ऊन आलं म्हणून कपडे आपणहून दोरीवर जाऊन बसत नाहीत."

टाळ्या. हात वर झाले, जवळजवळ सगळे पेलागियससाठी. ऑगस्टीनला नर्सने तेवढं मत दिलं, तेही दया येऊन.

"तीसुद्धा कृपाच," नळवाला म्हणाला.

(निकाल सांगितलाच होता. पण निकाल म्हणजे शेवट नव्हे.)

मास्तरांच्या वर्गाची एक रीत आहे. जिंकणाऱ्याने उभं राहून समोरच्याची अशी एक गोष्ट मान्य करायची, जिचं उत्तर त्याला सापडलं नाही. बहुतेक जण गुळमुळीत काहीतरी बोलून खाली बसतात.

शिंपीणबाई उठल्या. चष्मा काढून हातात धरला.

"मला सुई ओवता येत नाही. बरेच महिने झाले. आणि रोज सकाळी उशीत सुया ओवलेल्या असतात. मी मागितलं नव्हतं. मी मागितलंच नसतं. याचं उत्तर माझ्याकडे नाही."

सून खुर्चीतून अर्धी उठली.

"आई, तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, तुझी ती गाठ! होडी बांधायच्या दोराला मारावी एवढी. कापडाला भोकं पडतात."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोललीस? हातात आलेला वाद सोडलास. ऊन म्हणे!"

सून हसली, आणि मग तिचा चेहरा उतरला. "आता ह्यांना कळणारच."

"कळू दे की. मीच सांगते. त्याच्याच पँटची तुरपाई दाखवून सांगते. दोरा ओवायला तू आहेस, टाके घालायला मी आहे. आता कुलूप कशाला लावायचं, ते त्याने सांगावं."

"सर, हा पेलागियस फितूर झाला," नळवाला ओरडला. "मत परत द्या."

मास्तरांनी मत परत दिलं नाही. डोळे पुसत ते फळाही पुसत होते.

जिना उतरताना सुनेने हात पुढे केला.

"राहू दे. जिना दिसतो मला." शिंपीणबाई कठडा धरून खाली आल्या, आणि दारात थांबल्या. "सोमवारी काळा दोरा जास्त ओवून ठेव. कोट आलेत. आणि गाठ मारू नकोस, ती मला जमते."