बाईंचा जबाब

फोन आला तेव्हा हेमांगी चौबळ वर्गातल्या कंप्युटरांवरची धूळ पुसत होती. रोह्याच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत, पतपेढीच्या वरच्या मजल्यावर तिचा कंप्युटर क्लास होता. दुपारची बॅच यायला अजून अवकाश होता.

"हेमांगी चौबळ बोलताय? सायबर विभागातून बोलतोय. फोन कट करायचा नाही. केलात तर पोलिसांची गाडी दारात येईल."

असले फोन कसे येतात हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. मुलांच्या आयांना तिनेच बजावलं होतं, की पार्सलमध्ये गांजा सापडला म्हणतील, घाबरायचं नाही, सरळ फोन ठेवायचा. ठेवायला म्हणून तिने अंगठा उचललाही. पण पलीकडचा माणूस पार्सलचं बोललाच नाही.

"तुमच्या कनेक्शनवरून चोरीचे गेम आणि सॉफ्टवेअर उतरवले गेलेत, मॅडम. पुढे लोकांना वाटलेही गेलेत. खरं की खोटं?"

तिच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. कारण ते खरं होतं.

खोलीतले सगळेच्या सगळे कंप्युटर चोरीच्या सॉफ्टवेअरवर चालत होते. आणि गेम! क्लास नवा होता तेव्हा मुलं टिकतच नव्हती. टायपिंगचा कंटाळा करायची, चार दिवसांनी गळायची. मग निकेशने मोटारींच्या शर्यतीचा एक गेम आणून घातला. हा निकेश म्हणजे डोलवीच्या पुढचा, खाडीकाठचा आगरी मुलगा. मावशीकडे राहून रोह्यात आयटीआय करायचा आणि संध्याकाळी क्लासात मदतीला यायचा. गेमची बातमी शाळाशाळांत पसरली आणि बॅचेस भरल्या. पुढे मुलं नवेनवे गेम मागू लागली, हेमांगी निकेशला सांगू लागली, आणि निकेश कुठूनकुठून कुलूप तोडलेल्या कॉपी उतरवून आणू लागला. पेनड्राइव्हवर भरून त्या मुलांना घरीही दिल्या जायच्या. एकदा तिने विचारलं होतं, "काही होणार नाही ना रे?" त्यावर तो हसला होता. "बाई, ज्यानं बनवलाय तो काय रोह्यात इचारायला येनार हाय?" तीही हसली होती.

आज कुणीतरी विचारायला आलं होतं.

व्हिडिओ सुरू करा असा हुकूम झाला. पडद्यावर खाकी वर्दीतला एक जाडसर माणूस आला. पाठीमागे निळा पडदा, टेबलावर बारका झेंडा. तो ओरडत नव्हता, त्यामुळे जास्तच भीती वाटत होती. दार लावून घ्या म्हणाला, तिने लावलं. फोन समोर टेकवून बसा म्हणाला, ती बसली. पाणी प्यायला उठू का हे विचारायचाही तिला धीर होईना.

"तीन वर्षं आत जाल. क्लासला सील लागेल. वर्तमानपत्रात फोटो येईल. घरी कोण असतं?"

"आई."

"वय?"

तिने सांगितलं. त्याने मान हलवली, जणू आईचीही नोंद झाली.

"तुम्ही सुशिक्षित बाई दिसता. हे काम तुमचं एकटीचं नाही. आणून कोण देत होतं? नाव सांगा, मी तुम्हाला साक्षीदार करतो. नाही सांगितलं तर मुख्य आरोपी तुम्हीच."

हेमांगीने खिडकीकडे पाहिलं. खाली भाजीवाल्याचा आवाज, एसटीचा हॉर्न, सगळं नेहमीसारखं चाललं होतं. त्या सगळ्यापासून आपण तुटलो आहोत असं तिला वाटलं. आणि मग तिने आपलाच आवाज ऐकला.

"निकेश म्हणून आहे एक. तोच आणायचा. मी नको म्हणायचे. मी त्याला कितीदा सांगितलं, असलं माझ्याकडे चालणार नाही. पण तो ऐकायचा नाही."

"पूर्ण नाव. मोबाईल नंबर. काय करतो?"

तिने तेही सांगितलं. आता डोलवीच्या कारखान्यात कंत्राटदाराकडे कामाला आहे, लग्न झालंय, सगळं. सांगताना एक विचित्र हलकेपणा आला, अंगावरचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर दिल्यासारखा.

मग त्याने वॉरंट दाखवतो म्हणून आपल्या कंप्युटरचा पडदा तिला दाखवला. कागदावर लाल शिक्का होता, तिचं नाव होतं. पण हेमांगीची नजर खालच्या कोपऱ्यात गेली. तिथे फिकट अक्षरांत, विंडोज ॲक्टिव्हेट करा, अशी सूचना होती. पैसे न भरता चालवलेल्या कंप्युटरवर येते ती. तिच्या स्वतःच्या पडद्यांवर ती इतकी वर्षं येत होती, की झोपेतही तिने ओळखली असती.

सरकारी कचेरीतही असेल तसं, कुणी सांगावं, असं तिला आधी वाटलं. पण तेवढ्यात तो म्हणाला, "आता तुमच्या खात्यातली रक्कम तपासणीसाठी आमच्याकडे वळवायची. तपास झाला की परत मिळेल. नेट बँकिंग उघडा."

"माझे पैसे खाली पतपेढीत आहेत. तिथे नेट बँकिंग नाही. पासबुकावर लिहून देतात."

मग त्याच्या तोंडून हिंदीत अशी एक शिवी आली, जी वर्दीतला माणूसही तपासात असताना देत नाही. हेमांगीने फोन कट केला.

ती बराच वेळ तशीच बसून होती. फसता फसता वाचलो एवढंच आधी डोक्यात आलं. हसूही आलं. मग हसू थांबलं. नंबर. निकेशचा नंबर आपण दिला.

तिने फोन लावला. व्यस्त. पुन्हा लावला, पुन्हा व्यस्त. ती खोलीत येरझाऱ्या घालू लागली. आणखी एकदा लावला, तेव्हा फोन बंद असल्याचं सांगणारी बाई बोलू लागली.

निकेशचा स्वभाव तिला माहीत होता. आयटीआयमध्ये एकदा कुणाचा तरी मोबाईल हरवला होता आणि संशय त्याच्यावर आला. घेतला नव्हताच त्याने. पण पोलिसांत जायचं नाव निघाल्याबरोबर तो पळाला, आणि दोन दिवसांनी निडीच्या स्टेशनवर, फलाटाच्या पार टोकाला बसलेला सापडला. शोधायला हेमांगीही गेली होती. गाडी येताना दिसली की उठून उभा राहायचा, असं तिथल्या एकाने सांगितलं होतं. त्याबद्दल पुढे कुणीच कधी बोललं नाही.

तिने क्लासला कुलूप घातलं आणि स्टेशन गाठलं.

पेणकडे जाणारी गाडी नेमकी निडीला थांबून राहिली. मागून एक्सप्रेस येत होती, तिला पुढे सोडायचं होतं. हेमांगी फलाटाच्या त्या टोकाकडे बघायचं नाही असं ठरवून बसली, तरी बघितलंच. टोकाला कुणी नव्हतं. एक्सप्रेस धडधडत निघून गेली तेव्हा तिने डोळे गच्च मिटून घेतले. समोरच्या बाईने विचारलं, "बरं वाटत नाय का?" तिने पुन्हा नंबर लावून पाहिला. निकेशचा फोन बंदच होता.

पेणला उतरून तिने निकेशच्या गावाला रिक्षा केली. घरापुढे निकेशची बायको मनस्वी वाल सोलत बसली होती. ओळखीचं हसून ती उठली. "बाई, तुमी? आणि न कळवता?"

"निकेश कुठाय?"

"शिफ्टला गेलेत. फर्स्ट शिफ्ट हाय ना."

"त्याच्या साहेबाला फोन लाव. आत्ता."

हेमांगीच्या चेहऱ्याकडे बघून मनस्वीने काही न विचारता फोन लावला. कंत्राटदाराचा सुपरवायझर जितेश वैतागलेला होता. त्याचा आवाज हेमांगीलाही ऐकू येत होता. "मधीच निंगून गेला तो. कुनाचा तरी फोन आला, कानाला लावूनच गेटाभायेर पडला. वयनी, त्याला सांग, असं केलं तर गेटपास काढून घेतील."

मनस्वीच्या मांडीवरचे वाल घरंगळले. "बाई, काय झालं?"

हेमांगीने सांगितलं. म्हणजे खोटे पोलीस, खोटा फोन, घाबरवतात, एवढं सांगितलं. नाव कुणी दिलं ते नाही सांगितलं.

तेवढ्यात मिठागराच्या वाटेने निकेशची काकी पुतळी घाईघाईने येताना दिसली. पायांना मिठाचा चिखल तसाच होता. "मनस्वी गो! तुज्या नवऱ्याची गाडी बांधावर पडलीय. उभी नाय, पडलीय. हाका मारल्या, कोन नाय."

तिघी धावल्या. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेला तो लांबलचक मातीचा बांध होता. एका बाजूला मिठाचे पांढरे ढीग उन्हात डोळ्यांना टोचत होते, दुसऱ्या बाजूला भरती चढत होती. मोटारसायकल आडवी होती, किल्ली तशीच लावलेली. थोडं पुढे मोबाईल दगडाने ठेचून टाकलेला. त्याच्यापुढे कंपनीचे बूट.

बूट बघून मनस्वी मटकन खाली बसली. पुतळीने तिला धरलं. हेमांगी मात्र पुढे गेली. थांबलो तर पुन्हा पाऊल उचलणार नाही, असं तिला वाटत होतं. डावीकडचं पाणी गढूळ होतं, काठाच्या झुडपांत शिरत होतं. पाण्यात काळं काही दिसलं की ती वाकून बघायची. एकदा ते लाकूड निघालं, एकदा फाटकं जाळं.

बांधाला जिथे उघाडी आहे, पाणी सोडायची लाकडी दारं, तिथे तो दिसला. दाराच्या फळीवर उभा होता. पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, नजर खाली, दारावर आदळणाऱ्या पाण्यात.

"निकेश!"

तो दचकला, आणि तिच्या मागे बघू लागला. आणखी कोण आहे ते शोधत होता.

"मी एकटीच आहे रे. पोलीस नाहीत. ते पोलीस नव्हतेच. भामटे होते, मलाही फोन केला होता त्यांनी. कसलाही गुन्हा नाही, काही नाही. इकडे ये."

तो हलला नाही. खालून पाणी धडका मारत होतं, फळी हादरत होती.

"भामटे होते?"

"हो. देवाशपथ. पैसे मागितले की नाही तुझ्याकडे?"

"मागितले. पन आवाज तर तुमचा होता, बाई."

हेमांगीला कळेना. मग कळलं. त्या भामट्याने तिचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवलं होतं.

"त्यानं लावून ऐकवलं ना मला. तोच आणायचा, मी नको म्हणायचे. तुमचाच आवाज होता. मी म्हटलं, बाईंनी सांगितलंय म्हंजे संपलंच. दुसऱ्या कुनी सांगितलं असतं तर मी भांडलो असतो." तो अजून पाण्याकडेच बघत होता. "तुमी कधी नको म्हनाल्या, बाई? मला आठवतच नाय. मी मघापासून आठवतोय."

कुणाच्याही आवाजाची हुबेहूब नक्कल करतात हल्ली, असं सांगता आलं असतं. यंत्र करतं ते. त्याने विश्वास ठेवला असता, कदाचित घट्ट धरून ठेवला असता. ते वाक्य तिच्या जिभेवर आलंही.

"नाही म्हणाले कधी," ती म्हणाली. "मीच मागायचे. मी घाबरले आणि तुझ्यावर ढकललं. आवाज माझाच होता."

त्याने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर तिला बरं वाटलं असतं. राग नव्हता. अनोळखी माणसाकडे बघावं तसं तो बघत होता.

मागून मनस्वी आली. बांधावरून खाली उतरली, त्याचा दंड धरला आणि ओढलं. तो लहान मुलासारखा तिच्यामागून वर आला. बांधावर बसला आणि थडथडू लागला, भर उन्हात. पुतळीने आपल्या डोक्यावरचा पंचा काढून त्याच्या पाठीवर टाकला.

"बाई, तुमी आता जावा," मनस्वी म्हणाली. तिने सगळं ऐकलं होतं.

हेमांगी घरी गेली नाही. पोलीस ठाण्यात गेली. दारातल्या शिपायाने तिचा चेहरा बघून आधी तिला बसायला सांगितलं. हवालदाराने तक्रार ऐकून घेतली आणि पहिला प्रश्न विचारला, "पैसे किती गेले?"

"गेले नाहीत."

"मग वाचलात की. शंभर जणांना असाच फोन करतात हे लोक. नव्वदांच्या कंप्युटरात काहीतरी चोरीचं असतंच, म्हणून माणूस घाबरतो." तो लिहू लागला.

"माझ्याकडे खरंच होतं," हेमांगी म्हणाली. "गेम, सॉफ्टवेअर, सगळं. मीच मागवलं होतं. ज्या मुलाचं नाव मी त्यांना दिलं, तो फक्त माझं काम करत होता. हे लिहा."

"त्याची गरज नाय, मॅडम. कशाला अंगाला लावून घेता?"

"तरी लिहा."

त्याने तिच्याकडे जरा त्रासून पाहिलं, आणि लिहिलं. तिने खाली सही केली. आता खरंच कुणी आलं तर, ही भीती तिला पुढे कितीतरी दिवस होती. कुणी आलं नाही.

तिने कंप्युटर पुसून कोरे केले आणि फुकट मिळणारं, कुणाचं न चोरलेलं सॉफ्टवेअर घातलं. गेम गेले तशी निम्मी मुलंही गेली. उरलेल्यांपैकी एकाने विचारलं, गेम का काढले? ते दुसऱ्याचे होते, असं तिने सांगितलं. मुलाला ते पटलं नाही.

मे महिन्यात पेणच्या बाजारात मनस्वी भेटली. हेमांगीने दुरूनच पाहिलं आणि टाळावं की काय अशा विचारात असतानाच ती समोर आली.

"कामावर जातात," विचारायच्या आत ती म्हणाली. "पास ऱ्हायला. पन मागून कुनी हाक मारली तरी दचकतात. फोन घेतलाय नवा, तो मीच उचलते."

"माझ्यावर चिडलाय?"

मनस्वीने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "नाय म्हनतात. बाईंचं काय चुकलं, मी बी तसंच केलं असतं, असं म्हनतात. पन तुमचा विषय निघाला का उठून भायेर जातात."

मग तिला उशीर होत होता म्हणून ती निघाली. थोडं पुढे जाऊन वळली आणि म्हणाली, "रोह्याला जपून जावा, बाई." हेमांगीने मान हलवली, आणि ती गर्दीत दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभी राहिली.