हृदयासकट

तपकिरी काचेची ती बाटली जेमतेम बोटाएवढी, आणि आतल्या गोळ्या इतक्या बारीक की हलवली तरी धड वाजत नाही... सॉ इम्मनं ती टेबलावर ठेवली आणि तिला उगाचच वाटलं, आपण नवऱ्याला परक्या माणसासमोर उघडं केलं.

"हीच ना, छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची गोळी?" विमा एजंट रोहायझानं विचारलं.

"हीच. अजून लागली नाही कधी."

"न लागो, आँटी."

प्रवासाच्या विम्यासाठी बर्मा रोडवरचं हे चौथं ऑफिस. पहिल्यानं वय ऐकूनच मान हलवली होती – चौऱ्याहत्तर? नाही जमणार. दुसऱ्यानं सांगितलं, सगळ्याचा विमा देतो, फक्त हृदय सोडून. म्हणजे नवऱ्याचा, बेंग टेकचा, पाय मोडला तर पैसे, दात दुखला तर पैसे, आणि ज्याची धास्ती तेवढंच वगळून! तिसऱ्याचा आकडा तर विमानाच्या तिकिटापेक्षा मोठा. प्रत्येक वेळी घरी येऊन ती म्हणायची, "नाही जमत." तो म्हणायचा, "असू दे, आणखी बघू." मेलबर्नला त्याची थोरली बहीण होती. आई गेल्यावर तिनंच त्याला पेज भरवून वाढवलं होतं. आता तिची दृष्टी चालली होती. दिसतंय तोवर येऊन जा, असं ती फोनवर म्हणाली होती. आणि मुलानं बजावलं होतं, विम्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. तिकडच्या हॉस्पिटलात चार दिवस काढले तर इकडचं घर विकावं लागेल.

"ही कंपनी जुना आजारही विम्यात धरते," रोहायझा म्हणाली. "हप्ताही झेपेल तुम्हाला. फक्त एक सांगा... गेल्या सहा महिन्यांत अंकलच्या छातीत दुखलं होतं? एकदा तरी?"

पंखा फिरत होता. खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत राहिलं होतं... हो म्हण. एकच शब्द. मग मला कुणी वाईट म्हणणार नाही, मी अडवलं असं होणार नाही; कंपनीनंच अडवलं असेल. लोक इथं आजार लपवायला येतात, आणि मी – मी एक जास्तीचं दुखणं त्याच्या छातीत ठेवायला निघाले आहे! म्हणजे या तीन नकारांनंतर बसमध्ये बसताना जे हलकं हलकं वाटायचं, ते उन्हातून सुटल्याचं नव्हतं तर... दोन वर्षांपूर्वी न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर तो पडलेला, तोंड भिंतीकडे, आणि नळ चालूच. तेव्हा शेजारी धावून आले होते. ढगांच्या वर कोण धावून येणार?

"आँटी?"

"नाही," ती म्हणाली. "दुखलं नाही."

"मग झालंच की! डॉक्टरांची चिठ्ठी तेवढी आणा."

बेंग टेक कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात बसला होता. तिला पाहून त्यानं खुर्ची पायानं पुढे सरकवली.

"काय गं? या म्हाताऱ्याला गिऱ्हाईक मिळालं की नाही?"

"मिळालं. हृदयासकट."

तो मोठ्यानं हसला. शेजारच्या टेबलावरच्यांनी वळून पाहिलं. मग हसू ओसरलं. तो कॉफी ढवळत राहिला – दूध केव्हाच मिसळलं होतं, तरी.

"तुझा चेहरा असा का? विमा नाकारल्यासारखा?"

"मला भीती वाटते," ती म्हणाली. दोन वर्षांत हे वाक्य तिनं पहिल्यांदाच उच्चारलं होतं.

आता तो थट्टा करील, म्हणेल, एवढ्यात नाही मरत मी... तिनं उत्तरही तयार ठेवलं.

"मलाही," बेंग टेक म्हणाला.

बस्स, एवढंच. भीती कशाची – विमानाची? की बहिणीला आपला चेहरा दिसलाच नाही तर, याची? की आणखी कशाची, जिचं नावही तिला ठाऊक नव्हतं? गेली दोन वर्षं ती अंथरुणात कान देऊन त्याचा श्वास ऐकत आली होती, आत येणारा, बाहेर जाणारा, मध्येच अडखळणारा. एकही श्वास तिनं चुकवला नव्हता. आणि एवढं ऐकताना त्याला काही बोलायचंय का, हे विचारायचं मात्र राहूनच गेलं होतं.

तिनं खुर्ची त्याच्या जवळ ओढली.

"कशाची रे?" तिनं विचारलं, आणि या वेळी कुठलंही उत्तर तयार न ठेवता ती थांबली.