साहेबरावांच्या तेरा दिवसांची पाटी

मी जुनी आहे, मित्रांनो, एवढे निर्विवाद. माझ्या विक्रीच्या जाहिरातीतील उरलेल्या मजकुरावर तुम्ही घाईने विश्वास ठेवू नये. 'जपानी मोटारसायकल, उत्तम जपलेली, एकाच हातातली', असे तीत छापले होते. आरेखन जपानचे, हे खरे. जुळणी मात्र याच देशातली, आणि हात एक नव्हे, दोन. त्या दोन हातांतील फरक सांगण्यासाठीच मी बोलते आहे.

१९८७ साली मला लातूरजवळच्या मुरूडच्या साहेबरावांनी घेतले. ते आरोग्यसेवक होते. खेड्यापाड्यांत जाऊन हिवतापाच्या तपासणीसाठी बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा, गोळ्या द्यायच्या आणि निघताना त्या घराच्या भिंतीवर तारीख व सही टाकायची, ही त्यांच्या कामाची रीत. आपण खरोखर येऊन गेलो, याचा तोच पुरावा. लोक थट्टा करत, "साहेबराव, ताप बघून राहिले का भिंती रंगवून राहिले?" ते हसत आणि तारीख टाकत.

१९९३च्या सप्टेंबरअखेर पहाटे भूकंप झाला. त्या सकाळपासून तेरा दिवस साहेबराव मला घेऊन किल्लारीकडच्या गावांत जात होते. मागे आरोग्य केंद्रातल्या शिवकांता सिस्टर, त्यांच्या मांडीवर धनुर्वाताच्या लशीची बर्फाची पेटी. जखमींना टोचून झाले की साहेबराव सवयीने तारीख टाकायला वळत, आणि समोर भिंत नसे. पहिल्या दिवशी ते ब्रश हातात धरून बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी माझ्या पेट्रोलच्या टाकीवर गावाचे नाव लिहिले, तारीख टाकली, खाली सही केली. तेराव्या दिवशी टाकीवर बोटभर जागा उरली नव्हती.

पुढे त्यांची बदली हिमायतनगरला झाली. मुलगी धम्मप्रिया दहावीसाठी लातुरात राहिली. त्या काळी लातुरात पत्र्याच्या प्रत्येक शेडवर एकेका क्लासचा फलक चढत होता. त्यांपैकी एका क्लासचे चालक राघवेंद्र सर यांनी तिच्या फीऐवजी मला ठेवून घेतले. त्यांनी पहिले काम केले ते टाकी घासून तिला नवा तांबडा रंग देण्याचे. जपणे या क्रियापदाचा हा अर्थ मला तेव्हा प्रथम समजला. मग मला काचेआड उभे केले आणि मागच्या भिंतीवर संगमरवरी पाटी बसवली: 'भूकंपात सरांनी याच गाडीवरून गावोगाव मदत पोहोचवली.'

एवढ्यावर ते थांबले नाहीत. मराठीच्या प्रश्नपत्रिकेत आत्मवृत्ताचा निबंध येतो, हे तुम्ही जाणताच. सरांनी माझे आत्मवृत्त स्वतः रचून नोट्समध्ये छापले. माझ्यासमोर साठ-साठ मुले ते एका सुरात घोकत. स्वतःचे खोटे चरित्र दररोज मुकाट्याने ऐकणे, हा छळ फारच थोड्या यंत्रांच्या वाट्याला आला असेल. एकट्या धम्मप्रियेने सराव परीक्षेत सरांच्या जागी वडिलांचे नाव लिहिले. ते खोडून शेरा आला: 'नोट्सप्रमाणे लिहावे.'

वीस वर्षांनी क्लास मोठ्या इमारतीत निघाला. तिथे दर्शनी भागात अग्निबाणाची प्रतिकृती उभी राहणार होती, म्हणून मी विक्रीला. पाटी मात्र नव्या इमारतीत जाणार होती. गिऱ्हाइके येऊ लागली. कुणी नखाने रंग खरवडून पाहिला, कुणी इंजिनाला कान लावून अविश्वासाने मान हलवली. मीही त्यांच्याकडे तशाच नजरेने पाहत होते.

एके दुपारी धम्मप्रिया आली. ती आता नांदेडच्या एका महाविद्यालयात शिकवते. हीदेखील माझ्यावरच डोळा ठेवून आली, असे मी धरून चालले.

"ये, ये. वैष्णवी ना तू?" सर म्हणाले.

"धम्मप्रिया, सर. साहेबरावांची मुलगी."

"हाव, हाव. अण्णा बरे हायत का?"

"बरे आहेत. भूकंपाचं विचारलं की उठून आत जातात."

"गाडी घेऊन जा तू. आपल्या क्लासची पोरगी, तुला कसले पैसे? फक्त पाटीखाली एक फोटो काढू. अण्णांनाही आण."

"गाडी नको, सर. पाटी उतरवा."

सर हसले. "पाटीवर काय वंगाळ लिहिलंय?"

"तुम्ही गेला नव्हता."

"गेलो असतो की. तेव्हा गाडी नव्हती माझ्याकडं."

"ज्यांच्याकडं होती, ते गेले."

"हे बघ, दरसाल पोरं पेपरात हेच लिहितात. पाटी उतरवली तर एवढ्या पोरांचं उत्तर चूक ठरंल."

"चूकच आहे ते."

"चूक असतं तर मार्क पडले असते का?"

मित्रांनो, मी पुष्कळ ऐकले आहे. याहून निर्लज्ज तर्कशास्त्र ऐकलेले नाही. धम्मप्रियेने एकदा माझ्या सीटवर हात ठेवला. ती म्हणाली, "फोटोत आम्ही उभे राहिलो, की त्या पाटीखाली आमचीही सही झाली. विका गाडी कुणालाही." आणि ती आली तशी पायी निघून गेली. माणसांविषयीचा माझा अंदाज चुकला आणि त्याचे मला समाधान वाटले, असे त्या दुपारी प्रथमच घडले.

आता मी नांदेडच्या एका हौशी संग्राहकाकडे आहे. तो दर रविवारी मला पुसतो. माझ्यावर पूर्वी कोण बसत होते, हे त्याने अजून विचारलेले नाही. लातुरातील पाटी नव्या भिंतीवर शाबूत आहे.

तेव्हा वस्तू जपा, असा उपदेश मी करणार नाही. मला पुरेसे जपले गेले आहे. एकच मागते. परीक्षेत जुन्या मोटारसायकलीचे आत्मवृत्त आले, तर त्यात साहेबरावांचे नाव लिहा आणि शिवकांता सिस्टरांचेही. गुण कापले जातील. कापू द्या.